अमेरिकेत इंग्रजी साहित्यात पीएचडी करायची आहे? अर्जाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या कॉलेजांतून इंग्रजी घेऊन बीए किंवा एमए केलेल्या आणि अमेरिकेत पीएचडीचा विचार करणाऱ्यांसाठी हे पान आहे. एमएस आणि एमबीएचा सल्ला देणारे क्लास पुण्यात पावलोपावली आहेत, पण त्यातलं फार थोडं साहित्याच्या विद्यार्थ्याला लागू पडतं. चुकीच्या सल्ल्यापायी चांगली वाचणारी मुलं परीक्षांच्या तयारीत सहा महिने घालवतात आणि ज्यावर निवड होते तो नमुना निबंध (रायटिंग सॅम्पल) शेवटच्या पंधरवड्यात उरकतात. मी बरेच मसुदे वाचून देते. त्यातून पुन्हा पुन्हा समोर येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

बीएनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो का?

येतो. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या इंग्रजी विभागांत पीएचडीसाठी एमएची अट नसते. पदवीनंतर थेट प्रवेश मिळतो आणि एमएची पदवी वाटेत मिळून जाते. अडचण आहे ती आपल्या तीन वर्षांच्या बीएची. काही विद्यापीठं ती त्यांच्या चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची मानतात, काही मानत नाहीत. हा नियम इंग्रजी विभाग ठरवत नाही, त्या विद्यापीठाचं ग्रॅज्युएट स्कूल, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण पाहणारा विभाग, ठरवतं, म्हणून त्यांच्याच पानावर तो शोधा. नव्या शैक्षणिक धोरणाखाली चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली असेल तर हा प्रश्न उरत नाही.

तरीही माझा सल्ला इथे एमए करून जाण्याचा आहे. आपल्या बीएत दीर्घ निबंध लिहायची वेळच येत नाही. परीक्षेतली पंधरा मार्कांची उत्तरं लिहून लिहून हात बसतो, पण वीस पानं एकच मुद्दा लावून धरायची सवय होत नाही. एमएच्या दोन वर्षांत, विशेषतः प्रबंधिका लिहायला मिळाली तर, ती लागू शकते.

आधी अमेरिकेत एमए करून मग पीएचडी, असं केलं तर?

पैशाचा विचार करून ठरवा. तिथल्या पीएचडीचा पूर्ण खर्च सहसा विद्यापीठच उचलतं. एमएचं तसं नाही, बहुतेक ठिकाणी फी खिशातून भरावी लागते. शिकागो विद्यापीठाचा मानव्यविद्यांमधला एक वर्षाचा एमए प्रसिद्ध आहे आणि पीएचडीला न घेतलेल्या काही अर्जदारांना तिथून त्याचं बोलावणं येतं. ते पत्र हातात पडलं की घरात पेढे वाटले जातात. आधी फीचा आकडा पाहा, मिळणारी सवलत वजा करा, मग राहण्याचा खर्च मिळवा. साहित्याच्या एमएसाठी चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज काढू नका, असं मी स्पष्ट सांगते. काही राज्य विद्यापीठांत एमएच्या विद्यार्थ्यांनाही शिकवण्याचं काम देऊन फी माफ करतात. ती नावं कमी झगमगीत असतात, पण तिथून पुढे चांगल्या पीएचडीला गेलेले विद्यार्थी आहेत.

पीएचडीला खर्च किती येतो?

प्रवेश खर्चासह, म्हणजे विद्यापीठाने खर्च उचललेला, असेल तर फी माफ होते, आरोग्य विमा बहुधा विद्यापीठ भरतं आणि वर्षाला स्टायपेंड मिळतो. हा स्टायपेंड विद्यापीठागणिक खूप बदलतो. हार्वर्डने २०२४मध्ये पीएचडीचा किमान स्टायपेंड वर्षाला ५० हजार डॉलर केला. अनेक राज्य विद्यापीठांत त्याच्या निम्म्यावर भागवावं लागतं. नुसता आकडा बघू नका, गावही बघा. न्यूयॉर्कमधले ४० हजार आणि आयोवातले २८ हजार यांत कुठे जास्त सुखाने राहता येईल हे घरभाडं ठरवतं.

याच्या बदल्यात शिकवावं लागतं. बहुधा दुसऱ्या वर्षापासून, काही ठिकाणी पहिल्याच सत्रात, अठरा वर्षांच्या अमेरिकन मुलांना निबंधलेखन शिकवायला उभं राहावं लागतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं, त्यामुळे वर आणखी नोकरी करून भर घालण्याचा हिशेब मांडू नका.

खिशातून खर्च होतो तो अर्ज करतानाच. एका अर्जाची फी साधारण ७५ ते १२५ डॉलर. दहा अर्ज म्हणजे लाखाच्या आसपास रक्कम. बऱ्याच विद्यापीठांत फी माफीची सोय असते, पण ती परदेशी अर्जदारांना लागू आहे का ते आधी पाहावं लागतं. विभागाच्या ग्रॅज्युएट समन्वयकाला सभ्य मेल पाठवून विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

मला बीएला ५८ टक्केच आहेत. अर्ज करून उपयोग आहे का?

आहे. मुंबई किंवा पुणे विद्यापीठात इंग्रजीला साठ टक्के म्हणजे काय, हे भारतातले अर्ज नेहमी वाचणाऱ्या समित्यांना ठाऊक असतं. टक्के स्वतःच्या मनाने चार गुणांच्या श्रेणीत बदलून लिहू नका, अर्जात मूळ गुणपद्धतच द्यायची सोय असते. काही विद्यापीठं डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून मूल्यांकन मागतात, तेही सांगितलं असेल तरच करा. एखाद्या वर्षी आजारपण किंवा घरच्या अडचणीमुळे गुण घसरले असतील तर शिफारस देणाऱ्या सरांनी किंवा मॅडमनी एका वाक्यात ते सांगितलेलं जास्त शोभतं.

जीआरई द्यावी लागते का? आणि टोफेल?

जीआरई ही अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा. इंग्रजी साहित्याची वेगळी विषयवार जीआरई परीक्षा २०२१मध्येच बंद झाली. तिच्या तयारीची जुनी पुस्तकं अजून सेकंडहँड दुकानांत मिळतात, ती घेऊ नका. सर्वसाधारण जीआरईची अटही बहुतेक इंग्रजी विभागांनी काढली आहे. काही ठिकाणी ती ऐच्छिक आहे. ऐच्छिक असेल तर देऊ नका आणि तो वेळ निबंधावर घालवा.

टोफेल किंवा आयईएलटीएस ही इंग्रजी भाषेची परीक्षा मात्र बहुधा लागते. ज्यांची पदवी संपूर्ण इंग्रजी माध्यमातून झाली त्यांना काही विद्यापीठं सूट देतात, काही देत नाहीत. टोफेलचे गुण दोन वर्षं चालतात आणि जानेवारी २०२६पासून तिची गुणपद्धत बदलली आहे, तेव्हा जुन्या १२०पैकीच्या अटी वाचताना नवा तक्ता शेजारी ठेवा. बोलण्याच्या विभागातले गुण वेगळे पाहिले जातात, कारण उद्या तुम्हीच वर्गात शिकवणार असता.

रायटिंग सॅम्पल म्हणजे नेमकं काय? ते इतकं महत्त्वाचं का?

साधारण १५ ते २५ पानांचा, एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) पद्धतीने संदर्भ दिलेला, एकाच मुद्द्याला धरून चालणारा समीक्षालेख. निवड मुख्यतः यावर होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गुणपत्रिका तुम्ही परीक्षेत काय केलंत ते सांगते, शिफारसपत्र दुसऱ्याचं मत सांगतं. तुम्ही वाचता कसे हे फक्त या पानांत दिसतं. समितीतल्या प्राध्यापकांना पुढची पाच-सहा वर्षं तुमचंच लिखाण वाचायचं असतं, म्हणून ते इथेच थांबून बघतात.

आपल्याकडच्या मसुद्यांत एक गोष्ट सतत दिसते. पहिली आठ पानं लेखकाचं चरित्र, कालखंडाची पार्श्वभूमी आणि कुठल्या तरी सिद्धान्ताची ओळख यांत जातात. मग एक मोठं अवतरण येतं आणि त्यानंतर 'यावरून स्त्रीचं दुय्यम स्थान स्पष्ट होतं' असं एक वाक्य. संपला लेख. हे आपल्याला शिकवलेलं असतं, चूक विद्यार्थ्याची नाही. पण तिथे हवं असतं ते उलटं. पार्श्वभूमी एका परिच्छेदात आटोपून मजकुराला हात घालायचा, त्यातला एखादा खटकणारा शब्द, वाक्यरचनेतली गाठ, निवेदकाने केलेली चलाखी पकडायची आणि तिथून असं काही दाखवायचं जे या कृतीबद्दल आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही.

सिद्धान्त नको असं मी म्हणत नाही. फुको किंवा स्पिवाक यांचा आधार घ्या, पण कृतीने उभा केलेला प्रश्न सोडवायला त्यांची गरज लागली म्हणून घ्या. आधी सिद्धान्त आणि मग त्यात बसणारी कादंबरी, असा क्रम लावला की लेख कुणाचाही वाटू लागतो.

विषय निवडताना पीएचडीत ज्यावर काम करायचं आहे त्याच्या जवळपासचा निवडा. एसओपीत (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जासोबतचं निवेदन) वसाहतोत्तर कादंबरीचं स्वप्न आणि सॅम्पल मात्र शेक्सपिअरच्या सुनीतांवर, असं झालं की वाचणारा बुचकळ्यात पडतो. तुमच्याकडे सर्वोत्तम लेख सुनीतांवरचाच असेल तर तोच पाठवा, पण मग एसओपीत ते दोन धागे कुठे जुळतात हे सांगा.

किमान चार महिने हातात ठेवा. पहिला मसुदा तुमच्या शिक्षकांना दाखवा, दुसरा एखाद्या चोखंदळ मित्राला. आणि एआयकडून तो लिहून घेऊ नका. नियम मोडतो हे तर आहेच, शिवाय मुलाखतीत त्याच लेखातल्या एका परिच्छेदावर प्रश्न येतो आणि ज्याने तो स्वतः घडवलेला नसतो त्याला उत्तर सुचत नाही.

एसओपीची सुरुवात कशी करावी?

'लहानपणापासून मला वाचनाची आवड होती' याने करू नका. अर्ज करणाऱ्या प्रत्येकालाच ती होती. एसओपी हे प्रेमपत्र नसून संशोधकाचं निवेदन असतं, सहसा दोन पानांचं. त्यात चार गोष्टी लागतात: तुम्हाला छळणारा प्रश्न, त्या प्रश्नापर्यंत तुम्ही कोणत्या वाचनातून आणि कामातून आलात, तो पुढे कसा न्यायचा आहे, आणि हे काम याच विभागात का. प्रत्येकाला सारखी जागा देण्याची गरज नाही. पहिल्या आणि तिसऱ्यावर जास्त शाई खर्च व्हावी.

विषय आणि प्रश्न यांतला फरक एका उदाहरणाने सांगते. 'मला दलित साहित्यावर काम करायचं आहे' हा विषय झाला. या वाक्यावर कुणी काही बोलू शकत नाही. आता हे पाहा: दया पवारांचं 'बलुतं' १९७८मध्ये आलं आणि त्याचा इंग्रजी अनुवाद २०१५मध्ये. मधल्या जवळजवळ चार दशकांत दलित आत्मकथनाचा एक विशिष्ट वाचक इंग्रजीत तयार झाला होता. त्या तयार वाचकापुढे हे पुस्तक उशिरा आलं तेव्हा त्यातली बोली, शिव्या, मुंबईच्या कावाखान्यातलं जग यांचं काय झालं? इंग्रजी अभ्यासक्रमात ते कशासाठी वाचलं जातं आणि कशाकडे दुर्लक्ष होतं? हा प्रश्न आहे. त्यावर वाद घालता येतो, त्याला पद्धत लागते, आणि त्यासाठी मराठी येणारा माणूस लागतो.

याच प्रश्नावर पुढे पाच वर्षं काढायचं बंधन मात्र नसतं. अमेरिकेत पहिली दोन वर्षं कोर्सवर्क असतं आणि विषय बदललेले कितीतरी विद्यार्थी मी पाहिले आहेत. समिती बघते ती प्रश्न विचारण्याची ताकद.

मी मराठी माध्यमातून शिकलो. ते सांगावं की झाकावं?

सांगावं, आणि उपयोगात आणावं. या एका मुद्द्यासाठी मला हे पान लिहावंसं वाटलं. तालुक्याच्या गावातून आलेली मुलं अर्जातून मराठी पुसून टाकतात, दिल्लीतल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांसारखं दिसण्याचा प्रयत्न करतात आणि आपली सर्वांत मोठी शिदोरी घरी ठेवून जातात.

इंग्रजी विभागांतलं आजचं बरंचसं काम एका भाषेत मावत नाही. अनुवाद, वसाहतकालीन छपाई, जागतिक साहित्य, रंगभूमी, या सगळ्यात दुसरी भाषा मुळातून वाचता येणारा संशोधक हवा असतो. आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. शेक्सपिअरवर काम करणारे जगात हजारो आहेत. त्यांतल्या किती जणांना ही दोन नाटकं वाचता येतात? मुंबईतल्या साठोत्तरी अनियतकालिकांचंही तसंच आहे. अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे दोन्ही भाषांत लिहीत होते आणि त्या काळाबद्दल इंग्रजीत लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना त्यातली फक्त अर्धी बाजू दिसते. उरलेली अर्धी तुमच्या हातात आहे.

हे काम तिथे राहून होईल का, अशी शंका येते. होतं. अमेरिकन सरकारच्या पीएल-४८० योजनेखाली १९६२पासून भारतीय भाषांतली पुस्तकं तिथल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत नियमित जात होती, त्यामुळे शिकागो, पेनसिल्व्हेनिया, बर्कली अशा ठिकाणी मराठीचा असा साठा आहे की जो आपल्या बऱ्याच जिल्हा ग्रंथालयांत सापडणार नाही. कॉर्नेल विद्यापीठात मुंबईच्या कवींच्या कागदपत्रांचा संग्रह आहे. आणि या वाटेने आपली माणसं पूर्वीही गेलेली आहेत. विलास सारंगांनी मुंबईतल्या पीएचडीनंतर इंडियाना विद्यापीठातून तौलनिक साहित्यात दुसरी पीएचडी केली आणि आयुष्यभर दोन्ही भाषांत लिहिलं.

याचा अर्थ प्रत्येकाने मराठीवरच काम करावं असा नाही. तुम्हाला मिल्टन आवडत असेल तर मिल्टनवर अर्ज करा, आणि भारतीय विद्यार्थ्याने भारताबद्दलच बोलावं अशी अपेक्षा कुणी सुचवली तर ती मनावर घेऊ नका. मी एवढंच म्हणते की मराठीमुळे तुमच्या वाचनात काही वेगळं घडत असेल तर ते लपवू नका.

बऱ्याच विभागांत पीएचडीच्या काळात एक-दोन परकीय भाषांचं वाचनज्ञान दाखवावं लागतं. संशोधनाशी संबंध असेल तर तिथे मराठी धरली जाऊ शकते, विभागाला विचारा. फ्रेंच किंवा जर्मनची सुरुवात इथेच करून ठेवली तरी वाया जाणार नाही.

शिफारसपत्रं कुणाकडून घ्यावीत? सर म्हणतात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.'

तीन पत्रं लागतात. प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरू अशा हुद्द्यांच्या मागे लागू नका. ज्यांनी तुमचा निबंध वाचला, ज्यांच्या वर्गात तुम्ही वाद घातला, त्यांचं पत्र वजनदार असतं, मग ते तासिका तत्त्वावर शिकवणारे का असेनात.

'तूच लिहून आण' हे आपल्याकडे सर्रास चालतं, कारण सरांवर कामाचा डोंगर असतो आणि अशा पत्रांची सवय नसते. स्वतःचं पत्र स्वतः लिहू नका. ते प्रामाणिक नाही, आणि तिन्ही पत्रांचा सूर सारखा निघाला की वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. त्याऐवजी सरांना दोन पानांचं टिपण द्या: त्यांच्याकडे कोणता पेपर केला, कोणत्या विषयावर लिहिलं, वर्गात काय सादर केलं, गुण किती, पुढे काय करायचं आहे. सोबत एसओपी आणि सॅम्पल जोडा. 'सर, यातलं तुम्हाला आठवतं आणि पटतं तेवढंच लिहा' असं म्हणा. टिपण हातात आलं की बहुतेक शिक्षक मनापासून लिहितात.

पत्र शिक्षक स्वतः ऑनलाइन चढवतात. त्यांचा कॉलेजचा ईमेल असेल तर तोच द्या, नसेल तर आधीच विभागाला कळवा. अर्जात 'पत्र पाहण्याचा हक्क सोडता का' असा प्रश्न येतो. तो १९७४च्या एका अमेरिकन कायद्यामुळे आहे. 'सोडतो' म्हणा, नाहीतर पत्राची किंमत कमी होते. दिवाळीच्या सुट्टीआधी सगळ्यांना सांगून ठेवा आणि तारखेच्या दहा दिवस आधी नम्र आठवण करा.

विद्यापीठं कशी निवडावीत? प्राध्यापकांना आधी मेल करावा का?

क्रमवारी बाजूला ठेवा. तुम्ही सॅम्पलमध्ये ज्यांचे लेख वापरले ते प्राध्यापक कुठे शिकवतात, तिथून सुरुवात करा. एका विभागात तुमच्या कामाशी नातं असलेले किमान दोन-तीन जण असावेत. एकच असेल आणि तो निवृत्त झाला किंवा दुसरीकडे गेला तर पंचाईत होते. दक्षिण आशियाई अभ्यासाचा वेगळा विभाग आणि चांगलं ग्रंथालय असेल तर फार मदत होते. आठ ते बारा अर्ज पुरेत. त्याहून जास्त केले की एसओपी प्रत्येक विभागासाठी नव्याने लिहिणं होत नाही.

एखाद्या वर्षी विभाग प्रवेशच घेत नाही, असंही होतं. बॉस्टन विद्यापीठाने २०२५-२६साठी इंग्रजीसह अनेक मानव्य आणि सामाजिक विषयांतले नवे पीएचडी प्रवेश थांबवले होते. इतरही विद्यापीठांनी जागा कमी केल्या आहेत. फी भरण्याआधी त्या वर्षीचं प्रवेशाचं पान स्वतः उघडून वाचा.

मेलबद्दल: अमेरिकेत निवड समिती करते, एकटा प्राध्यापक नाही, त्यामुळे मेल करणं बंधनकारक नाही. खरा प्रश्न असेल तर पाच ओळींचा मेल करा. 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम व्हेरी मच इन्स्पायर्ड' असा एकच मेल वीस जणांना धाडू नका. उत्तर आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

वेळापत्रक कसं असावं?

मुदत बहुधा डिसेंबरचा पहिला पंधरवडा ते जानेवारीची सुरुवात. त्यामागे मोजत या. उन्हाळ्याच्या सुट्टीत सॅम्पलचा विषय पक्का आणि वाचन. गणपतीपर्यंत पहिला पूर्ण मसुदा. टोफेल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. दिवाळीपर्यंत एसओपीचा साचा तयार, मग विद्यापीठागणिक बदल.

ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे विद्यापीठाने प्रमाणित केलेल्या गुणपत्रकासाठी, सर्वांत लवकर हालचाल करा. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात एका फेरीत काम झालं तर नशीब समजा. नावातला फरक, म्हणजे गुणपत्रिकेवर आईचं नाव, पासपोर्टवर आडनाव आधी, लग्नानंतर बदललेलं नाव, हे सगळं जुलैतच तपासा. पहिल्या टप्प्यात बरीच विद्यापीठं गुणपत्रिकांच्या स्कॅन प्रती चालवून घेतात आणि मोहोरबंद प्रत प्रवेशानंतर मागतात.

शिष्यवृत्त्या आहेत का?

पीएचडीचा खर्च विभागच उचलत असल्याने बाहेरच्या शिष्यवृत्तीची गरज बऱ्याचदा पडत नाही. प्रवास आणि सुरुवातीच्या खर्चासाठी मुंबईच्या जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आहे. ती १८९२पासून चालू आहे.

अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, त्या वर्षीची जाहिरात बारकाईने वाचा. इतर प्रवर्गांसाठीही राज्याच्या वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये २०२२ला एक बदल झाला: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास या विषयांना ती मिळणार नाही असं नियमात आलं. ज्या मुलांना आपल्याच समाजाच्या साहित्यावर बाहेर जाऊन काम करायचं आहे त्यांचं दार यामुळे बंद होतं, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. विषयाची मांडणी करताना हा नियम माहीत असू द्या.

फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप ही वेगळी गोष्ट आहे. ती भारतात पीएचडीला नोंदणी झालेल्यांना काही महिने अमेरिकेत जाऊन संशोधन करण्यासाठी मिळते. इथेच नेट-जेआरएफवर पीएचडी करून अशी संधी घेणं हा कमी प्रतीचा मार्ग नाही. २०२३पासून जेआरएफ महिना ३७ हजार रुपये आहे आणि घरची जबाबदारी असणाऱ्यांना तोच जास्त झेपतो.

अमेरिकेऐवजी इंग्लंड?

पद्धत पूर्ण वेगळी आहे. तिथे एमए एका वर्षाचं आणि पीएचडी तीन-चार वर्षांची. कोर्सवर्क नसतं, म्हणून अर्जातच पक्का संशोधन आराखडा लागतो आणि मार्गदर्शकाशी आधी बोलणं जवळजवळ आवश्यकच. प्रवेश आणि पैसे हे दोन वेगळे निर्णय असतात. प्रवेश सोपा, पैसे अवघड. ऱ्होड्स, फेलिक्स, कॉमनवेल्थ, चेव्हनिंग यांच्या तारखा वर्षभर विखुरलेल्या असतात.

मला कथा-कविता लिहायच्या आहेत. हाच अभ्यासक्रम घ्यावा का?

नाही. त्यासाठी एमएफए हा वेगळा अभ्यासक्रम आहे आणि तिथे तुमचं सर्जक लेखन मागतात. पीएचडीत समीक्षा लिहावी लागते.

निकाल कधी लागतात? १५ एप्रिलचं काय असतं?

जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत. काही विभाग आधी झूमवर अर्ध्या तासाची मुलाखत घेतात. सॅम्पल आदल्या दिवशी पुन्हा वाचा आणि विभागाबद्दल विचारायला दोन खरे प्रश्न तयार ठेवा.

अमेरिकन ग्रॅज्युएट स्कूलांच्या परिषदेचा एक ठराव आहे. तो मान्य केलेली विद्यापीठं खर्चासह दिलेल्या प्रवेशाचं उत्तर १५ एप्रिलआधी देण्याची सक्ती करू शकत नाहीत. कुणी घाई केली तर या ठरावाचा उल्लेख करून मुदत मागा. तुम्ही नाकारायचं ठरवलं असेल तर लगेच कळवा, वेटलिस्टवरचं कुणीतरी त्या मेलची वाट पाहत असतं.

पीएचडीनंतर नोकरी मिळते का?

इथे खरं सांगणं माझं कर्तव्य आहे. अमेरिकेत इंग्रजीच्या कायमस्वरूपी प्राध्यापकाच्या जागा २००८च्या मंदीपासून खूप घटल्या आहेत आणि पुन्हा भरून आलेल्या नाहीत. चांगल्या विद्यापीठांतून पदवी घेतलेले लोक वर्षानुवर्षं कंत्राटी शिकवत राहतात. लेखनशिक्षणशास्त्रात, म्हणजे ऱ्हेटरिक आणि कॉम्पोझिशनमध्ये, परिस्थिती त्या मानाने बरी आहे. पदवीनंतर ओपीटी या कामाच्या परवानगीवर १२ महिने काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ साहित्याला नाही. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेबाहेरच्या उमेदवारांसाठीच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, त्याचाही विचार हवा.

भारतातल्या नव्या खासगी विद्यापीठांत परदेशी पीएचडीला मागणी आहे. पण नोकरीच्या खात्रीसाठी ही पदवी घेऊ नका. सहा वर्षं पगारी वाचन-लेखन करायला मिळणार आहे आणि त्यानंतरचं ठरलेलं नाही, हे घरच्यांसमोर बसून, आकड्यांसह बोलून मग जा.

व्हिसाचं काय?

विद्यापीठाकडून आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला) आला की सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणी यंत्रणेची फी, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज आणि मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. सेव्हिसची फी ३५० डॉलर आहे. खर्चासह प्रवेशाचं पत्र सोबत असेल तर पैशाचा प्रश्न सहज सुटतो. २०२५पासून समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात. तारखा लवकर भरतात, म्हणून आय-२० हातात पडला त्याच दिवशी कामाला लागा. 'इंग्रजी शिकायला अमेरिकेत कशाला?' असा प्रश्न येऊ शकतो. तुमचा संशोधनप्रश्न दोन सोप्या वाक्यांत सांगता आला पाहिजे.

सगळीकडून नकार आला तर?

शेकडो अर्ज आणि दहा-बारा जागा, असं गणित असतं, त्यामुळे पहिल्या वर्षी सगळे नकार येणं अगदी नेहमीचं आहे. कारणं विचारणारे मेल करू नका, विभाग सहसा उत्तर देत नाहीत. एप्रिलमध्ये सॅम्पल बाहेर काढा आणि ते न वाचलेल्या एखाद्या नव्या, कडक वाचकाला द्या. मे ते ऑगस्टमध्ये ते नव्याने लिहा. दुसऱ्यांदा अर्ज करायला बंदी नाही. दुसऱ्या वेळी तोच लेख पाठवायचा असेल तर अर्ज करू नका, नवा तयार होईपर्यंत एक वर्ष थांबा. मधल्या काळात नेट द्या, कॉलेजात शिकवा, एखादा मराठी लेख इंग्रजीत अनुवादित करून मासिकाला पाठवा. यातलं काहीही पुढच्या अर्जात लिहिता येतं.